जॉन म्यूर ट्रेलवरची आमची बादली: म्यूर ट्रेल रँचच्या रिसप्लायचा अनुभव

आधीच सांगते, म्यूर ट्रेल रँचची रिसप्लाय सर्व्हिस (आपण आधी पोस्टाने पाठवलेली खाण्याची बादली ते वाटेवर आपल्यासाठी ठेवतात) आम्हाला मनापासून आवडली आणि जॉन म्यूर ट्रेल पूर्ण करणाऱ्या कोणालाही मी ती घ्याच म्हणेन. पण खरं काम घरी करायचं असतं, बादली पोस्टात टाकायच्या आधी, आणि त्याबद्दल आम्हाला कोणी नीट सांगितलं नव्हतं म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून जाणारी ही वाट योसेमिटीच्या हॅपी आयल्सपासून माउंट व्हिटनीच्या माथ्यापर्यंत २११ मैल आहे, म्हणजे ३४० किलोमीटर, आणि व्हिटनीवरून (१४,५०५ फूट) खाली व्हिटनी पोर्टलला गाडीरस्त्याला लागायला अजून ११ मैल उतरायचं ते वेगळंच. आपल्या सह्याद्रीत कसं, संध्याकाळी कुठलीतरी वाडी लागते, एखाद्या मावशी पिठलं-भाकरी करून घालतात, तसं इथे अजिबात नाही. ट्वॉलमी मेडोजला रस्ता ओलांडायचा, मग सुरुवातीपासून साधारण ६० मैलांवर रेड्स मेडो, तिथे दुकान आहे, गरम जेवण मिळतं, खाली मॅमथ लेक्स गावात जायला बस मिळते, आणि मग त्यानंतर थेट व्हिटनी पोर्टलपर्यंत वाटेवर गाडीरस्ता नाही. मध्ये एडिसन लेकच्या काठी व्हर्मिलियन व्हॅली रिसॉर्ट आहे पण वाट सोडून तलावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं, आम्ही ते गाळलं. त्यामुळे जवळजवळ बरोब्बर अर्ध्यावर असलेली ही रँच म्हणजे शेवटचा मोठा आधार.

आम्ही दोघी होतो, मी आणि माझी मावसबहीण. २१ दिवसांचा प्लॅन. ६ दिवस रेड्स मेडोपर्यंत, ५ दिवस रँचपर्यंत, आणि मग सलग १० दिवस काहीही विकत न मिळता.

सर्व्हिस कशी चालते तर तुम्ही झाकणाची कडक प्लॅस्टिकची बादली घ्यायची (हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती ५ गॅलनची), त्यात खाणं भरायचं, नाव आणि पोचायची तारीख ठळक लिहायची आणि निदान ३ आठवडे आधी पोस्टाने पाठवायची. पार्सल लेकशोर नावाच्या छोट्याशा पोस्टात येतं, तिथून डोंगरातल्या रस्त्याने, मग बोटीने फ्लोरेन्स लेक ओलांडून आणि पुढे खडबडीत वाटेने रँचवर. पुठ्ठ्याचं खोकं का नको ते यावरूनच कळतं, शिवाय उंदीर आहेतच. फी स्वस्त नाही. पण एवढा प्रवास करून आपली बादली त्या रानात आपली वाट बघत असते हे डोळ्यांनी बघितल्यावर मला तरी ती पटली. गॅसचा सिलिंडर पार्सलात टाकायचा नाही, तो तिथेच विकत मिळतो.

आता मुख्य मुद्दा. सगळे वजनाबद्दल बोलतात, पण या ट्रेलवर खरी अडचण जागेची आहे. अस्वलांमुळे बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा कडक डबा, न्यावाच लागतो, आमचे डबे साडेअकरा लिटरचे होते, रिकामाच सव्वा किलोच्या आसपास, आणि रात्री वास येणारी प्रत्येक गोष्ट, टूथपेस्ट आणि सनस्क्रीनसुद्धा, त्याच्या आत गेली पाहिजे. १० दिवसांचं खाणं एका डब्यात बसतं का हे कागदावर कळत नाही. आम्ही घरी सतरंजी अंथरून १० ढीग केले, एक ढीग एका दिवसाचा, साधारण ७०० ग्रॅमचा, आणि भरायला बसलो तर सातव्या ढिगाला डबा फुल्ल! मग एकेक गोष्ट बाहेर. चिवडा पहिला गेला कारण चिवडा म्हणजे निम्मी हवाच. पापड गेले. पाकिटातले आयते ट्रेकचे पदार्थ गेले, एका दुकानातून बरेच घेऊन ठेवले होते, एक तर पाकीट फुगलेलं आणि दोघींचं म्हणून लिहिलेलं एकीला जेमतेम पुरायचं.

राहिलं काय तर सातूचं पीठ, मेतकूट, उकडपेंडीसाठी भाजणी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-दाण्याचे लाडू (कुटून चपटे केलेले, गोल लाडवांमध्ये फार फट राहते) आणि तूप. तुपाला तर तोडच नाही, एका ग्रॅमला ९ कॅलरी, खराब होत नाही, रात्रीच्या जेवणात दोन चमचे घातलं की झोपेत थंडी कमी वाजते असा माझा अनुभव. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत घालून वर दोन पिशव्या, दुपारी ते पातळ होतं. सातूबद्दल मावसबहीण आधी कुरकुरत होती, "ताई, रोज रोज तेच?" म्हणून, पण चूल न पेटवता थंड पाण्यात कालवून पाच मिनिटांत चालायला लागता येतं हे कळल्यावर तीच सकाळी पहिली पिशवी काढायची.

खिचडीचं एक सांगायला हवं. ११,००० फुटांवर पाणी साधारण ८९ अंशांनाच उकळतं, त्यामुळे कच्ची डाळ कितीही वेळ ठेवा, दाताखाली कचकच लागते आणि गॅस संपतो तो वेगळाच. म्हणून मुगाची खिचडी घरीच पूर्ण शिजवायची, तूप-तेल अजिबात न घालता, डिहायड्रेटरमध्ये कडकडीत वाळवायची आणि तूप तिथे जेवताना घालायचं. तेलातुपाचं नीट वाळत नाही आणि खवट होतं. उकळतं पाणी ओतून, झाकण ठेवून, टोपीत गुंडाळून २० मिनिटं. घरच्यासारखी लागते, खरंच.

डबा भरताना शेवटच्या दिवसाचं तळाला, आणि पीठ-मेतकूट अशा दबणाऱ्या पिशव्यांतली हवा काढून त्या फटींत कोंबायच्या. पहिल्या दिवसाचं जेवण रात्र व्हायच्या आत पोटात जाणार म्हणून ते बाहेर चालतं. असं करून ९ दिवसांचं आत बसलं, एकेक सेंटिमीटर वापरून.

रँचवर पोचलो तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. धुळीने माखलेलो, काउंटरवर नाव सांगितलं, आत जाऊन माणूस दोन मिनिटांत आमच्या दोन्ही बादल्या घेऊन आला आणि माझं आडनाव मी उच्चारते तसंच उच्चारायचा त्याने प्रयत्न केला. बाकावर बसून झाकण उघडलं आणि भसकन कापराचा वास आला. आईने प्रेमाने, उंचीवर श्वासाला बरं म्हणून, कापराची पुरचुंडी दिलेली, ती मी विचार न करता बादलीतच ठेवली होती. तीन आठवडे बंद झाकणाखाली, उन्हाळ्यात! सातू, लाडू, भाजणी, साध्या पिशव्यांतलं सगळं कापूर कापूर. लाडवाचा एक तुकडा तोंडात टाकला आणि थुंकावा लागला. मला रडूच आलं, १० दिवसांचं खाणं होतं ते. वाळवलेली खिचडी आणि मेतकूट तेवढं जाड व्हॅक्युम पाकिटात होतं म्हणून वाचलं.

आणि इथे या जागेची खरी किंमत कळली. लोकांच्या बादल्यांत जास्तीचं निघतं ते तिथे ठेवायला ओळीने डबे आहेत, ओट्स वेगळे, सुका मेवा वेगळा, सूपची पाकिटं वेगळी, कोणीही घ्या. रिकाम्या हाताने आलेल्या कोणालाही उपाशी जावं लागणार नाही इतकं असतं (आम्ही ऑगस्टमध्ये होतो, गर्दीचा काळ). ओट्स, टॉर्टिया, पीनट बटर, बदाम असं तासाभरात आमचं सगळं भरून निघालं, शेजारच्या बाकावरच्या एका वयस्कर जोडप्याने तर त्यांचं चीज आमच्या हातात ठेवलं. त्यांना मी मेतकूट दिलं, भातावर कसं घालायचं ते सांगून.

तीन गोष्टी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बुकिंग नसेल तर रँचवर मुक्काम किंवा जेवण नाही, बादली घेऊन बाहेर पडायचं. नदीपलीकडे गरम पाण्याचे झरे आहेत, ब्लेनी हॉट स्प्रिंग्ज, तिकडे जाता येतं पण बर्फ वितळायच्या दिवसांत नदीला जोर असतो, उगाच धाडस नको. आणि ज्यांच्या डब्यात १० दिवस काही केल्या बसत नाहीत त्यांना पुढे कीरसार्ज पासवरून अनियन व्हॅलीत उतरून इंडिपेंडन्स गावात खरेदी करता येते, पण ट्रेलवरून एका बाजूने साडेसात मैल आहेत, ११,७६० फुटांची खिंड दोनदा चढायची. आमचा तो दीड दिवस वाचला.

रँचवरून पाठीवर पूर्ण भरलेली सॅक घेऊन ११,९५५ फुटांच्या म्यूर पासची चढण, तिसऱ्या दिवशी वर १९३० सालची दगडी झोपडी आहे तिथे वाऱ्याच्या आडोशाला बसून टॉर्टियावर दाण्याची चटणी आणि तूप. (चटणी वेगळ्या काचेच्या बरणीत होती, तिला काही झालं नव्हतं. बरणी रँचवर सोडली.)

खिचडी वाळवायचं आणि उकडपेंडीच्या भाजणीचं प्रमाण वहीत लिहून ठेवलंय, कोणाला हवं असेल तर विचारा, टाइप करून देते.