युक्लिड की मार्कोव्ह?

शिवाजी पेठेतल्या आमच्या खोलीत लॅपटॉपकडून ठेका काढायच्या दोन रीती करून बघितल्या. पहिली प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या नावाची: ठरलेल्या मात्रांत ठोके जमतील तितक्या सारख्या अंतरावर पसरायचे. 8 मात्रांत 3 ठोके दिले की 3-3-2. 7 मात्रांत 3 दिले की 2-2-3, आणि तेच फिरवून धरलं की 3-2-2, म्हणजे आपला रूपकच की! संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रिड तूसाँ यांनी 2005 मध्ये दाखवलं, जगभरचे कितीतरी पारंपरिक ठेके याच हिशोबात बसतात. दोन आकडे टाकायचे, बास.

दुसरी रीत मार्कोव्ह साखळीची, रशियन गणिती मार्कोव्हच्या नावाची. तिला मात्र आधी खाऊ घालावं लागतं. मित्राची दहा मिनिटांची हलगी तिला दिली. कुठल्या ठोक्यामागून कुठला किती वेळा येतो ते मोजून ती पुढचा ठोका निवडते. आठवण एकाच ठोक्याची ठेवली, तर समेचं भानच नाही. मध्येच झकास तुकडा, लगेच भरकटली. मित्र म्हणाला, "ह्यो गडी दमलाय काय रं?" आठवण चार ठोक्यांची केली तेव्हा हलगीसारखं वाटलं, पण मग त्याचीच नक्कल मारायला लागली.

लेझमीच्या सरावाला मी युक्लिडच लावेन, पोरांची पावलं चुकत नाहीत. रंकाळ्यावर हेडफोन लावून एकट्यानं बसायचं असेल तर मार्कोव्ह.