गोळी ४९०ची, पॅच १८ थाऊचा: काही महिन्यांच्या वापरानंतर

ठासणीच्या (तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या) रायफलला कुठली गोळी घ्यावी आणि पॅच, म्हणजे गोळीभोवती गुंडाळायचा वंगण लावलेला कापडाचा तुकडा, किती जाडीचा, या प्रश्नाला माझं आजचं उत्तर असं: गोळी थोडी लहान, कापड जाड. माझ्या ५० कॅलिबरच्या नळीत ४९० थाऊची गोळी आणि १८ थाऊचा पॅच ही जोडी आता पक्की झाली आहे. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर गोळी १२.४५ आणि कापड ०.४६.) तुमच्या नळीला हीच जोडी चालेल असं नाही, म्हणून मी इथवर कसा आलो ते सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी नळी मोजा. नळीत आतून गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा असतात आणि त्यांच्यामध्ये उंचवटे. कॅलिबरचा आकडा सांगतो तो उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंतचा व्यास. खाचा किती खोल आहेत हे त्यातून कळत नाही आणि पॅचची जाडी ठरते ती खाचांवरून. नळी स्वच्छ करून, तेलाचा हात देऊन, किंचित मोठी मऊ शिशाची गोळी तोंडात जेमतेम ठोकून बसवायची आणि शिशात स्क्रू फिरवून परत ओढून काढायची. तिच्यावर नळीचा ठसा उमटतो, तो मायक्रोमीटरने मोजायचा. माझ्या नळीचा उंचवट्यांवरचा व्यास ५००, खाचांमधला ५२०. म्हणजे खाच १० थाऊ खोल.

आता हिशेब करा. ४९०ची गोळी मधोमध धरली तर उंचवट्यापाशी दर बाजूला ५ थाऊ जागा उरते आणि खाचेपाशी १५. मांजरपाटासारखं १० थाऊचं पातळ कापड लावलं तर खाचेत ५ थाऊची फट राहते आणि जळता वायू तिथूनच पुढे निसटतो. १५ थाऊचं कापड खाचेच्या तळाला नुसतं टेकतं, दाबलं जात नाही. १८ थाऊचं ३ थाऊ दाबलं जातं. कापड खाचेच्या तळाशीसुद्धा दाबलं गेलंच पाहिजे, कारण गोळी नळीला कुठेच चिकटत नाही. खाचांची पकड, वायूची अडवणूक, काजळी मऊ ठेवणारं वंगण, सगळं त्या कापडाच्या भरवशावर असतं.

चाचणीत दारूचा प्रकार आणि माप एकच ठेवलं (अर्थातच काळी दारू, ठासणीच्या बंदुकीत धूररहित दारू कधीच घालायची नाही), टेकू तोच, अंतर ४५ मीटर, आणि प्रत्येक बार काढल्यावर नळीतून ओलसर फडकं. बदललं ते फक्त कापड, नंतर फक्त गोळी. पातळ कापडाने गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, तळहाताएवढा पसरला. १५ने बराच आवरला. १८ने भोकं एकमेकांना खेटायला लागली.

४९५ची गोळी आणि १५चं कापड ही जोडीही मी भरपूर वापरली. कागदावरचा गट १८च्या जोडीइतकाच, कधी तसूभर सरसही. पण भरताना जीव जातो. उंचवट्यापाशी दर बाजूला अडीच थाऊच जागा, त्यामुळे शॉर्ट स्टार्टरवर (गोळी तोंडातून आत ढकलायच्या आखूड दांड्यावर) हातोडी मारावी लागते आणि गोळीच्या डोक्यावर सपाट वण पडतो. १८०० साली ब्रिटिश सैन्यात आलेल्या बेकर रायफलबरोबर सुरुवातीला गोळी ठोकायला लाकडी हातोड्या दिल्या होत्या, त्या लवकरच बंद झाल्या. का, ते ही जोडी वापरून पाहिल्यावर नीट समजतं. आणि खरी भीती वेगळीच आहे. काजळी साठली की अशी घट्ट गोळी अर्ध्या वाटेत अडकू शकते. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहून बार काढला तर नळी फुगते, फुटतेही. म्हणून गोळी दारूवर नीट टेकलेली असताना गजावर (गोळी खाली ढकलायच्या लांब काठीवर) नळीच्या तोंडाशी खूण करून ठेवा आणि दर वेळी ती खूण तोंडाशी आली का ते बघूनच कॅप किंवा रंजक (बार पेटवणारी टोपी किंवा पेटवणीची दारू) लावा.

गटापेक्षाही जास्त मी शिकलो ते उडालेले पॅच वेचून. निशाण्याच्या रेषेत, नळीपासून थोड्याच मीटरवर ते पडलेले सापडतात. (सुकं गवत असेल तर लगेच जा, धुमसणारा पॅच आग लावतो.) चांगला पॅच उलगडला की मध्ये दारूच्या बाजूचा काळसर गोल दिसतो, त्याभोवती उंचवट्यांचे आणि खाचांचे आळीपाळीने गडद-फिके पट्टे, आणि कडा थोड्या विस्कटलेल्या. कापड मात्र शाबूत, जवळजवळ पुन्हा वापरता येईल असं. गोलाच्या कडेने जळून भोकं पडली असतील तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी पडतंय. भोकाची कड जळकी नसून सरळ चिरलेली असेल, आणि चिरा खाचांच्या संख्येइतक्या, सारख्या अंतरावर असतील, तर दोष कापडाचा नाही, नळीचा आहे.

माझ्याकडे नेमकं हेच होतं. १८चं कापड सुरुवातीला चिरत होतं. दारू न घालता गोळी ठासली, तशीच स्क्रूने बाहेर काढली, तर पॅचवर तेव्हाच चिरा दिसल्या. म्हणजे कापड भरतानाच, नळीच्या तोंडाशी कापलं जात होतं. बारीक पॉलिश पेपर अंगठ्याखाली धरून, नळी फिरवत फिरवत तोंडाची धार मोडली, आत चुरा जाऊ नये म्हणून आधी फडक्याचा बोळा कोंबून. त्यानंतर तेच कापड निमूटपणे आत जाऊ लागलं. पुन्हा तशीच गोळी काढून पाहिली तेव्हा शिशावर कापडाचं विणकाम स्पष्ट उमटलं होतं: उंचवट्यांच्या जागी ठळक, खाचांच्या जागी पुसट, पण सगळीकडे होतं. पुसट ठसासुद्धा नसता तर पुढच्या जाडीचं कापड आणलं असतं. मी तर म्हणेन, निशाण्याच्या कागदाआधी हा ठसा बघा.

कापडाबद्दल. पाकिटावरच्या जाडीवर विश्वास ठेवू नका. कॅलिपरचे जबडे हलके टेकवून एक आकडा येतो, घट्ट दाबून दुसरा. मी दाबून आलेला धरतो. गादीच्या खोळीचं घट्ट विणीचं सुती कापड उत्तम. मात्र आधी गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढायची. सिंथेटिक मिसळ असलेलं कापड बाद, ते नळीत वितळतं.

वंगणात मधमाशीचं मेण आणि वनस्पती तेल यावर मी समाधानी आहे. खनिज तेल काळ्या दारूबरोबर डांबरासारखा थर धरतं. कापड वंगणाने निथळत असेल तर दारू ओलावते आणि बार मंद लागतो, म्हणून पिळून घेतो. हवा कोरडी असली की काजळी कडक होते, तेव्हा हीच १८ची जोडीसुद्धा घट्ट वाटते. अशा दिवशी कापड पातळ करण्यापेक्षा फडकं जास्त वेळा फिरवा.

गोळ्या शुद्ध, मऊ शिशाच्याच हव्यात. गाडीच्या चाकाला तोलासाठी लावतात त्या वजनांचं शिसं मिश्रधातूचं, कडक असतं. त्याच साच्यातून गोळी किंचित मोठी निघते आणि विणकामाचा ठसा नीट घेत नाही. ४९०ची गोळी साधारण १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम भरते. मी प्रत्येक गोळी तोलतो आणि हलकी निघाली की पुन्हा वितळवतो, कारण आत पोकळी असते. साच्याच्या तोंडापाशी गोळीवर राहिलेला सपाट भाग नळीत भरताना वर, मधोमध. ओतकाम मोकळ्या हवेत, आणि नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खायचं नाही.

४५वाल्यांनी ४४०पासून आणि ५४वाल्यांनी ५३०पासून सुरुवात करावी, कापड १५चं, आणि मग पॅच वेचत वर चढावं. उथळ खाचांच्या नळीला १५च पुरेल. नुसत्या कागदावरच्या स्पर्धेसाठी, जिथे प्रत्येक बार काढल्यावर नळी पुसायला वेळ मिळतो, तिथे ४९५ची गोळी मी आजही बरोबर ठेवतो. बाकी सगळीकडे, जिथे दुसरी गोळी गजाच्या एका सलग दाबात खाली जायला हवी, तिथे ४९० आणि जाड कापड.