पाटीवर 'के-13', पोटात जुनं अ‍ॅल्युमिनियम : जिनिंगवाल्यांनो, सावध राहा

वणी-पांढरकवडा पट्ट्यात सध्या एक व्यापारी 'हार्मोनिक्सवाला ट्रान्सफॉर्मर' घेऊन जिनिंग-जिनिंग फिरतोय. गेल्या हंगामात त्याने आम्हाला गाठलं होतं. यंदा कापूस यायच्या आत हे लिहितोय, कारण आता तो शेजारच्या तालुक्यात दिसला आहे.

ब्लोअर आणि कन्व्हेयरच्या मोटारींना व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) बसवल्यापासून आमचा 315 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर तापत होता, अँपिअर मर्यादेत असूनही. व्यापाऱ्याने कारण सांगितलं ते अगदी बरोबर होतं आणि तिथेच आमचा विश्वास बसला. व्हीएफडी सरळ लाटेत करंट ओढत नाही, तुटक ओढतो. त्यामुळे 50 हर्ट्झसोबत त्याच्या पाच आणि सात पटीचे, म्हणजे 250 आणि 350 हर्ट्झचे करंटही वाइंडिंगमधून (आतल्या तारांच्या वेटोळ्यांमधून) जातात. यांनाच पाचवा आणि सातवा हार्मोनिक म्हणतात. एडी करंटचा, म्हणजे कंडक्टरच्या आतच भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या करंटचा, लॉस फ्रीक्वेन्सीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पाचव्या हार्मोनिकचा एक अँपिअर 50 हर्ट्झच्या एका अँपिअरपेक्षा पंचवीस पट जास्त एडी लॉस करतो. ट्रान्सफॉर्मर हार्मोनिकची किती उष्णता सोसतो, ते के-फॅक्टर सांगतो. साध्या ट्रान्सफॉर्मरचा तो 1 धरतात. 13 चा असेल तर तो जास्तीची उष्णता सोसेल अशा बांधणीचा हवा.

मग त्याने न्यूट्रलची (परतीच्या करंटची) जाड पट्टी दाखवली. "भाऊ, डबल न्यूट्रल हाये, बिनघोर राहा." न्यूट्रलमध्ये बेरीज होते ती तिसऱ्या हार्मोनिकची, आणि तो येतो सिंगल फेजच्या एलईडी, कॉम्प्युटर अशा लोडमधून. थ्री फेज व्हीएफडीचा पाचवा-सातवा न्यूट्रलवर येतच नाही. आमच्या लोडला महत्त्वाचं होतं आतलं वाइंडिंग, म्हणजे एकाच जाड पट्टीऐवजी इन्सुलेशन केलेले, जागा बदलत गुंफलेले बारीक कंडक्टर. ते टाकीच्या आत असतं, डोळ्यांना दिसत नाही. हा माणूस जगतो त्याच आडोशावर.

त्याचा 'के-13' घेतला, नेहमीच्या दीडपट पैसे मोजले. फेब्रुवारीत तेल आधीपेक्षाही जास्त तापू लागलं. त्याला फोन केला तर त्याने 150 केव्हीएआरचं 'फिल्टर पॅनल' गळ्यात मारलं. आत फक्त कपॅसिटर, रिअ‍ॅक्टर (हार्मोनिक अडवणारी कॉइल) एकही नाही. साडेचार टक्के इंपीडन्सच्या 315 केव्हीए ट्रान्सफॉर्मरवर एवढे कपॅसिटर लावले की रेझोनन्स, म्हणजे जिथे करंट आपोआप फुगतो ती फ्रीक्वेन्सी, मूळ फ्रीक्वेन्सीच्या 6.8 पटीवर, सातव्या हार्मोनिकच्या अगदी शेजारी येतो. हार्मोनिक कमी व्हायच्या जागी फुगला आणि कपॅसिटरही फुगले. सात टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर सिरीजमध्ये असता तर ही फ्रीक्वेन्सी 189 हर्ट्झवर, म्हणजे पाचव्याच्याही खाली राहिली असती.

शेवटी मार्चमध्ये, गाठी बांधायच्या ऐन गर्दीत, वाइंडिंग जळालं. यवतमाळच्या रिवाइंडिंगवाल्या मिस्त्रीने टाकी उघडली आणि म्हणाला, "दादा, यात कॉपर कुठीच नाई." कुठलातरी जुना ट्रान्सफॉर्मर अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीने रिवाइंड करून, रंग मारून, नवी पाटी ठोकलेली. शेतकऱ्यांचा कापूस आवारात तसाच पडून, गाड्या फाटकाबाहेर उभ्या. तो संताप अजून गेलेला नाही.

11 केव्हीच्या अशा तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला आयएस 1180 प्रमाणे आयएसआय मार्क सक्तीचा आहे. पाटीवर सीएम/एल क्रमांक (कारखान्याचा बीआयएस परवाना क्रमांक) असतो आणि तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला की कोणत्या कारखान्याचा ते कळतं. आमच्या पाटीवर तो क्रमांकच नव्हता. के-रेटिंग मात्र त्या मार्काने सिद्ध होत नाही. त्यासाठी कारखान्यात स्वतःसमोर वाइंडिंगचा डीसी रेझिस्टन्स आणि लोड लॉस (लोड असताना उष्णतेत वाया जाणारी वीज) मोजून घ्या. लोड लॉसमधून रेझिस्टन्सचा लॉस वजा केला की उरतो तो एडी आणि इतर भटका लॉस. हा आकडा मोठा निघाला तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, माल परत करा. टेस्ट रिपोर्टवरचा सीरियल नंबर टाकीवरच्या नंबराशी ताडून पाहा, आणि निम्मे पैसे तरी टेस्टनंतरच द्या.

ग्राहक न्यायालयात जायचा विचार केला होता. पण व्यावसायिक कामासाठी केलेली खरेदी तिथे सहसा बसत नाही, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली पोलिसांत तक्रार दिली आहे. पाटीचे फोटो, बिल आणि उघडलेल्या वाइंडिंगचा पंचनामा जोडला आहे. तुमच्याकडे असाच 'के-13' आला असेल तर टाकी उघडण्याआधी पंच बोलवा आणि जुनी पाटी फेकू नका. तक्रारी एकत्र आल्या तर तपासाला जोर येईल.