थुंकी पाठवली, मार्क मिळाले 71

घरबसल्या करायचं डीएनए किट मागवलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला. आधी चांगलं सांगतो, वापरायला सोपंय, फक्त अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही आणि मग कोरड्या तोंडाने ती नळी रेषेपर्यंत थुंकून भरायची, हे काय दिव्य आहे ते केल्यावरच कळतं.

दुधाचा भाग जाम आवडला. दूध पचवणारं लॅक्टेज लहानपणानंतर बहुतेकांच्यात कमी होत जातं, काहींच्यात मात्र मोठेपणीही बनत राहतं आणि हा बदल जनावरं पाळायला लागल्यावर, गेल्या 10 हजार वर्षांतच पसरलाय. डीएनएमधल्या एका अक्षराचा फरक! माझ्यात तो नाही, म्हणजे पोटात गुडगुड होते ती उगाच नाही. निअँडरथलचा (म्हणजे नामशेष झालेल्या आदिमानवांचा) अंश दोन टक्क्यांच्या आत निघाला, घरच्यांना कमी वाटला.

पण शेवटी 'तुम्ही किती उत्क्रांत आहात' म्हणून 100 पैकी मार्क दिलेत, मला 71, तिथे डोकं फिरलं. अहो उत्क्रांती एकट्या माणसाची होत नसते, पिढ्यानपिढ्या लोकांमध्ये कुठला जीन वाढला कुठला घटला याचा हिशोब असतो तो, माझ्या एकट्याच्या थुंकीत कसा दिसणार? खाली लिहिलंय की औषधं आणि टेक्नॉलॉजीमुळे माणसाची उत्क्रांती आता थांबलीय. कुठे थांबलीय? प्रत्येक बाळ साधारण 60-70 नवी म्युटेशन्स, म्हणजे डीएनएमधले बदल, घेऊन येतं, बापाचं वय जास्त असेल तर अजून जास्त. पूर्वी जवळपास निम्मी पोरं मोठी व्हायच्या आधीच जायची, निसर्गाची निवड (कोणाचे जीन पुढे जाणार ते) तिथेच व्हायची, आता बहुतेक जगतात त्यामुळे कोणाला किती मुलं होतात, कोणत्या वयात होतात, होतात तरी का, यावर ती जास्त ठरते.

आणि गंमत म्हणजे त्याच पानावर वाढत्या चष्म्यांना उत्क्रांती म्हटलंय! दोन पिढ्यांत जीन्स एवढे बदलत नाहीत हो, पोरं उजेडात बाहेर खेळत नाहीत, सारखं जवळचं बघतात, त्याचा परिणाम आहे तो मुख्यतः.

कस्टमर केअरला मेल टाकला तर म्हणे हा सेक्शन फक्त गंमत म्हणून आहे. मग तसं वर लिहा ना.

5 पैकी 3 स्टार, तिन्ही दुधाच्या पानाला. मार्क काढून टाकले तर चौथा देतो.