विवरणपत्रातले अनोळखी नाव: एका पीडीएफ सॉफ्टवेअरचा सहा हप्त्यांचा अनुभव

मी मुद्रितशोधनाचे काम करते. गेल्या सप्टेंबरात दिवाळी अंकांच्या पानांचा ढीग पडला, तेव्हा पीडीएफवरच खुणा करता याव्यात म्हणून एक परदेशी सॉफ्टवेअर सात दिवसांच्या मोफत चाचणीवर घेतले. सॉफ्टवेअर चांगले आहे, हे आधीच सांगते. समासातल्या टिपा नीट राहतात, आठशे पानांची फाइलसुद्धा अडखळत नाही आणि स्कॅन केलेल्या पानांवरचा देवनागरी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. रफार आणि जोडाक्षरांवर मात्र त्याचा हमखास गोंधळ उडतो. माझी तक्रार सॉफ्टवेअरच्या कामाविषयी नसून त्याचे पैसे कापले जाण्याच्या पद्धतीविषयी आहे.

जानेवारीत क्रेडिट कार्डाचे विवरणपत्र सावकाश वाचत असताना, कधीही न ऐकलेल्या एका कंपनीच्या नावावर हजाराच्या आसपासची रक्कम दिसली. मागचे महिने उलटून पाहिले, तर सप्टेंबरपासून दरमहा तेच नाव होते आणि रक्कम प्रत्येक वेळी थोडी वेगळी होती. पतीचे अ‍ॅड-ऑन कार्ड याच खात्यावर असल्याने आधी संशय त्यांच्यावर गेला आणि त्यावरून एक संध्याकाळ फुकट गेली. बँकेच्या ग्राहक सेवेने कार्ड बंद करून तक्रार नोंदवण्याचा सल्ला दिला. तो मी ऐकला नाही हे बरे झाले, कारण मी स्वतःच ओटीपी देऊन मान्य केलेल्या व्यवहाराला फसवणूक ठरवून बसले असते.

नाव अनोळखी का होते, याचा उलगडा ईमेलमध्ये झाला. सॉफ्टवेअरचे नाव घालून शोधल्यावर फक्त जाहिराती सापडल्या. विवरणपत्रातले नाव घालून शोधले, तेव्हा चाचणीनंतर सुरू झालेल्या मासिक वर्गणीच्या पाचही पावत्या समोर आल्या. अनेक लहान सॉफ्टवेअर कंपन्या स्वतः विक्री करत नाहीत. पॅडल किंवा फास्टस्प्रिंग यांच्यासारख्या मध्यस्थ कंपन्या कागदोपत्री विक्रेत्या असतात, निरनिराळ्या देशांतले कर त्याच भरतात आणि म्हणून विवरणपत्रात नावही बहुधा त्यांचेच येते. माझ्या बाबतीतही असाच एक मध्यस्थ होता.

रकमेचे कोडे सोडवायला कागद-पेन्सिल लागली. संकेतस्थळावर किंमत ९.९९ डॉलर लिहिलेली होती. तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ११.७९ डॉलर होतात. डॉलर ८४ रुपयांचा मानला, तर हे साधारण ९९० रुपये झाले. माझी बँक परकीय चलनातल्या व्यवहारावर ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे जादा शुल्क, घेते, ते आणखी सुमारे ३५ रुपये, आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागून सहा रुपये वाढतात. असे करून १,०३१ रुपये होतात. डॉलरचा भाव रोज हलतो, त्यामुळे दोन महिन्यांची रक्कम जुळत नाही आणि ठरावीक हप्ता म्हणून ती डोळ्यांत भरत नाही.

बँकेने मला कळवलेच नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२१पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा आवर्ती वसुलीची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते. सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. माझ्या फोनमध्ये ते एसएमएस होते, पण त्यांत मध्यस्थाचे नाव आणि डॉलरमधला आकडा होता, तर विवरणपत्रात रुपये होते. कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत मी ते न वाचताच पुसत आले होते.

आणखी एक चूक सर्वस्वी माझी. नोव्हेंबरात नवा लॅपटॉप घेतला, जुन्यावरचे सॉफ्टवेअर काढून टाकले आणि विषय संपला असे समजले. सॉफ्टवेअर काढल्याने वर्गणी थांबत नाही. ती खात्यात जाऊन रद्द करावी लागते. ते बटण तीन पाने ओलांडल्यावर सापडले आणि मधल्या प्रत्येक पानावर सवलतीचे आमिष होते. वर्गणी घेणे सोपे आणि सोडणे अवघड करण्याच्या या प्रकाराला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हटले आहे, आणि तिथे उल्लेखलेल्या तेरा फसव्या रचनांपैकी ती एक आहे. खात्यातली वर्गणी रद्द केल्यावर मी बँकेच्या अ‍ॅपमधला ई-मँडेटही, म्हणजे हप्ता आपोआप कापण्याची दिलेली परवानगीही, रद्द केला. मध्यस्थाला पावती क्रमांकासह पत्र लिहिले, तेव्हा जानेवारीचे पैसे परत मिळाले. आधीच्या चार महिन्यांचे मिळाले नाहीत, आणि बँकेचा मार्कअपही गेला तो गेलाच.

मार्चमध्ये एका प्रबंधाच्या कामासाठी मी हेच सॉफ्टवेअर पुन्हा महिनाभर घेतले, कारण माझ्या कामाला याहून सोयीचे दुसरे मला सापडलेले नाही. या वेळी पैसे भरल्याच्या दिवशीच वर्गणी रद्द केली. भरलेला महिना संपेपर्यंत ते व्यवस्थित चालू राहिले. येत्या दिवाळी अंकांच्या वेळीही असेच करणार आहे.