डिटेन्शन कर्मचाऱ्यांचा प्रशिक्षण संच : आठ महिन्यांचा अनुभव, आणि त्या एका रकान्याबद्दल

परवा रात्री नऊ वाजता या संचाचं ॲप बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळीच्या दोन नव्या वॉर्डनना पहिला धडा द्यायचा होता. मदत क्रमांकावर फोन लावला, तर म्हणे तुमची दोन मोबाईलची मर्यादा संपली, नूतनीकरण करा. तिसरा मोबाईल कुठला? जुना फुटला म्हणून नवा घेतला, तोच. चाळीस मिनिटं भांडले. तक्रार क्रमांक मिळाला, लॉगिन काही मिळालं नाही. तेव्हाच लिहायला बसले असते तर नुसता संतापच उतरला असता, म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

आमचं कोल्हापुरातलं लहानसं महिला आधारगृह. पोलिसांनी सोडवून आणलेल्या परदेशी बायका राष्ट्रीयत्वाची पडताळणी आणि परतीची कागदपत्रं होईपर्यंत इथं राहतात. कुणी चार महिने, कुणी वर्षभर. कागदावर निवारा लिहिलंय, पण फाटकाला कुलूप असतं आणि किल्ली आमच्याकडे असते. म्हणून मुद्दाम इमिग्रेशन डिटेन्शनच्या, म्हणजे परदेशी माणसांना कागदपत्रांपायी कोंडून ठेवतात तिथल्या, कर्मचाऱ्यांसाठीचा संच घेतला. १८,५०० रुपये, वर जीएसटी. एवढ्यात आमचा दोन महिन्यांचा किराणा येतो.

व्हिडिओ ब्रिटनमधल्या साहित्यावरून केलेत, हिंदी डबिंग कानाला खटकतं. भारताचं प्रकरण अजून १९४६च्या परकीय नागरिक कायद्यावरच थांबलंय. तो जाऊन नवा कायदा १ सप्टेंबर २०२५पासून लागू झाला, पण सुधारित पानं मागितली तर उत्तर नाही. दुभाष्याचा धडा मात्र चोख आहे. एका बाईचं बोलणं समजायला तिच्याच खोलीतल्या दुसरीला बसवायचं नाही, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आम्ही दोन वर्षं तेच करत होतो. आता फोनवरून बांगला दुभाषी घेतो.

आता माझी खरी तक्रार. संचासोबत निरीक्षणाच्या अर्जांचं पॅड येतं. पन्नास अर्ज, संपले की ४२० रुपयांना नवं पॅड. जेवण, झोप, वागणूक, औषध, प्रत्येकाला ऐसपैस रकाना. ‘व्यक्तीचे स्वतःचे शब्द’ याला एकच ओळ. पट्टीनं मोजली, जेमतेम पाच सेंटिमीटर. पहिल्याच आठवड्यात आमच्या रात्रपाळीच्या मावशी म्हणाल्या, "ताई, एवढ्यात मावंना ओ. काय लिवू?" मी म्हटलं, थोडक्यात लिहा. चुकलं माझं.

त्या थोडक्यात लिहू लागल्या. ‘शांत. झोप झाली.’ ‘शांत. जेवली.’ तीन आठवडे एका मुलीच्या फाइलमध्ये हेच. मग महिनाअखेरीला दुधाचा हिशेब लावताना दुधाच्या वहीत मावशींचं अक्षर दिसलं. एक लिटर, दीड लिटर, आणि मध्येच समासात : ‘चप्पल घालूनच झोपती. पिशवी उशाला. म्हणती दार वाजलं की आधी मला उठीव.’ पुढच्या पानावर : ‘आज म्हणाली, परत पाठवनार आसाल तर मी आधीच जाती. कुठं इचारलं तर बोलली न्हाई.’ वर तारीखही टाकलेली. अर्जात मावलं नाही म्हणून वहीत लिहिलं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्याच दुपारी तिला सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात नेलं. ती आता बरी आहे, औषध चालू आहे. याहून जास्त तिच्याबद्दल लिहीत नाही.

त्यानंतर आधी परदेशातलं म्हणून सोडून दिलेलं सहावं प्रकरण उघडलं, आणि इथं माझं मत फिरलं. ब्रिटनमधल्या गॅटविक विमानतळाजवळच्या ब्रुक हाऊस या डिटेन्शन केंद्राची ती गोष्ट. २०१७मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं छुप्या कॅमेऱ्यानं केलेलं चित्रण बीबीसीनं दाखवलं. केट इव्हज यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल २०२३च्या सप्टेंबरात आला, ३३ शिफारशींसह. अमानुष वागणूक ठरू शकेल अशा १९ घटना, त्याही पाच महिन्यांत. तिथल्या डिटेन्शन केंद्रांच्या नियम ३५प्रमाणे कुणी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करेल असा संशय आला तर डॉक्टरनं वेगळा अहवाल द्यायचा असतो, म्हणजे त्या माणसाला कोंडून ठेवायचं का, याचा पुन्हा विचार होतो. नजर ठेवायच्या फायली तिथं भराभर उघडत होत्या, पण त्या पाच महिन्यांत असा अहवाल एकही गेला नाही. वाचताना आमची ‘शांत. जेवली.’ डोळ्यांपुढे आली. आमच्याही फाइलमध्ये नजर होती, पण तिचं म्हणणं कुणापर्यंत गेलंच नव्हतं.

त्याच प्रकरणात २०१६चं ब्रिटनचं ‘ॲडल्ट्स ॲट रिस्क’ (धोक्यातली प्रौढ माणसं) धोरण आहे. माणसाला धोका आहे याच्या पुराव्याच्या तीन पातळ्या. माणसानं स्वतः सांगितलं तर पहिली, सगळ्यात हलकी. तज्ज्ञानं दुजोरा दिला की दुसरी. कोंडून ठेवल्यानं इजा होईल असं तज्ज्ञानं लिहून दिलं की तिसरी. माझा आक्षेप इथंच आहे. रात्री अडीच वाजता तज्ज्ञ कुठून आणायचा? तेव्हा मावशीच असतात, आणि बाईच्या तोंडून आलेले शब्द असतात. ते जसेच्या तसे टिपले तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरपुढे ठेवायला काही हाती राहतं.

मार्गदर्शक पुस्तिकेला मी सुरुवातीला रद्दी म्हटलं होतं, ते मागं घेते. त्यात प्रत्येक धड्याआधी विचारायचे प्रश्न आहेत, ते कामाचे आहेत. एकदा मी ‘आसरा देणं आणि अडकवणं यात फरक काय’ हा प्रश्न टाकला. आमच्या स्वयंपाकाच्या काकू कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या. १९४३ ते ४८ तिथल्या छावणीत पोलंडची जवळपास पाच हजार निर्वासित माणसं राहिली, बहुतेक बायका-मुलं. काकू म्हणाल्या, "त्यांची शाळा हुती, चर्च हुतं, आमची म्हातारी माणसं सांगायची ती बाजारला यायची म्हणून. आपल्या पोरींनी बाजार कवा बघितला?" त्या दिवशी धडा तिथंच थांबला. पुढच्या आठवड्यापासून अधीक्षक आणि पोलिसांची लेखी परवानगी घेऊन दोघी-दोघींना भाजी आणायला न्यायला लागलो.

अर्जाचं मी कंपनीला तीनदा लिहिलं. उत्तर आलं, ‘पुढील आवृत्तीत विचार करू.’ नमुना बदलून छापायची परवानगी मागितली तर ती नाकारली. मग आमचा आम्हीच कागद केला. वर तारीख, वेळ, कोण हजर होतं. खाली अर्धं पान कोरं, ‘ती काय म्हणाली, तिच्याच शब्दांत’. झेरॉक्स दीड रुपयाला एक. मावशी आता पानाच्या मागच्या बाजूलाही लिहितात.

लॉगिन मिळालं तर वर्षभराचं नूतनीकरण करणार आहे, सहाव्या प्रकरणासाठी आणि दुभाष्याच्या धड्यासाठी. पॅड पुन्हा घेणार नाही. कुणाच्या संस्थेला आमचा कागद हवा असेल तर सांगा, पाठवते.