इरा की जुई?

मुलीसाठी दोन अक्षरी आणि निसर्गातलं नाव हवं म्हटलं की यादी फिरून फिरून इरा, रेवा, जुई यांच्यापाशी येते. आमचीही तिथेच आली. रेवा लवकर बाद झाली, पण नावात खोट काहीच नव्हती. 'रेव्' म्हणजे उड्या घेत जाणं, त्यावरून नर्मदेचं हे नाव. मेघदूतातही विंध्याच्या पायथ्याशी खडकांतून फुटत वाहणारी रेवाच आहे. फक्त चुलतभावाच्या घरी एक रेवा आधीच रांगत होती. उरल्या दोघी.

अर्थाच्या बाजूने इरा वरचढ आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. नावांच्या साइटवर 'सरस्वती' नाहीतर 'पृथ्वी' एवढंच लिहिलेलं असतं. हे अर्थ कोशात आहेतही, पण जुना अर्थ पोषणाचा, अन्नरसाचा. ऋग्वेदातल्या पर्जन्यसूक्तात (५.८३) पाऊस पृथ्वीवर बरसतो तेव्हा सगळ्या जगासाठी इरा उपजते. रावी नदीचं इरावती हे नाव याच शब्दाचं. शिवाय परदेशातही ते अडत नाही. रशियात इरिनाला लाडाने इराच म्हणतात. हिब्रूत मात्र ते पुरुषाचं नाव आहे, पण त्याने आपलं काय बिघडतं?

जुईपाशी असं वैदिक वजन नाही. मूळ संस्कृत यूथिका. यूथ म्हणजे समूह, आणि फुलंही झुबक्यानेच येतात. यात्रेची जत्रा झाली तसा 'य'चा 'ज' झाला, मधला 'थ' झिजत गेला आणि जुई उरली. हिंदीत 'ह' टिकला, म्हणून तिकडे जूही. कोशातून उचललेल्या नावापेक्षा असं तोंडातोंडी घासून गुळगुळीत झालेलं नाव मला जवळचं वाटतं. वेल कधी निरखून बघा. पानाच्या देठावर कानांसारखी दोन चिमुकली पानं असतात; शास्त्रीय नावातलं 'ऑरिक्युलेटम' त्यांच्यामुळेच.

एवढ्यावर मी तरी इराच ठेवली असती. पण नाव नुसतं फार कमी वेळा घेतलं जातं. दिवसभर त्याला ला, चं, कडे चिकटलेलं असतं. बारशाआधी आम्ही बाळाला इरा म्हणून बघत होतो. आई आणि आत्या गंगेला, राधेला म्हणणाऱ्या पिढीतल्या. त्यांच्या तोंडी आपसूक 'इरेला' आलं. "इरेला पाजलं का गं?" आणि शेजारून लगेच, "पेटलीय बघा इरेला!" पहिल्यांदा मीही हसलो. मग बाळ रडलं की तोच विनोद, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो जणू स्वतःलाच सुचलेला. 'इराला म्हणा' असं सांगून उपयोग नव्हता. जिभेचं वळण ते, सांगून थोडंच बदलतं! तुमच्या घरी सगळे सरळ 'इराला' म्हणत असतील तर हा मुद्दा सोडून द्या, इरा खरंच सुंदर नाव आहे.

जुई विभक्तीत हलत नाही. जुईला, जुईचं, जुईकडे. तिचीही कटकट आहे, नाही असं नाही. "मग जाई कुठाय?" हा प्रश्न ठरलेला. काहींना हे घरचं लाडाचं नाव वाटतं आणि ते 'कागदावरचं' नाव विचारतात. रोमन स्पेलिंगमध्ये शेवटी एक 'आय' की दोन 'ई', यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. पण ही उत्तरं एकदा दिली की संपतात, निदान आमच्याकडे तरी संपली.

घाई मात्र करू नका. जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. तोवर दोन्ही नावं घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या तोंडून ऐका. आणि जुई ठरलीच, तर स्पेलिंग दाखल्याच्या अर्जाआधी पक्कं करा. पुढे आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे तेच लागतं.